खोती दफ्तराचे पाच रुमाल: दुरुस्तीच्या नोंदी

काम कोणतं: रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खोत (गावचा सारा वसूल करणाऱ्या) घराण्याचं दफ्तर, आता तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाकडे आलेलं. पाच रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे), सुटे कागद, साधारण १८४० ते १९१५ या काळातले. जमाखर्च, कबुलायती (कुळांनी लिहून दिलेले करार), वसुलीच्या याद्या, कोर्टाचे कागद. मजकूर बहुतेक मोडीत. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, पण जमिनीचे दावे चालूच राहिले, म्हणून हे कागद कुणी टाकले नाहीत. माळ्यावर ठेवून दिले. वरून कौलं गळत होती.

उद्देश एवढाच: कागद स्कॅनरखाली सुखरूप जावेत आणि परत आल्यावर किडू नयेत. नवेकोरे दिसावेत हा उद्देश नाही. असंच काम हाती घेणाऱ्यांसाठी नोंदी ठेवल्या आहेत.

१२ नोव्हेंबर २०२४: ताबा आणि पाहणी

खोलीतली आर्द्रता ७४ टक्के. रुमाल सोडण्याआधी बाहेरून फोटो, गाठ कशी मारली आहे त्याचाही. प्रत्येक रुमालाला क्रमांक, आतल्या प्रत्येक पुडक्याला उपक्रमांक. कागद ज्या क्रमाने बांधले होते तो क्रम मोडायचा नाही, तारखेप्रमाणे लावण्याचा मोह झाला तरी. पुडक्यांचा क्रम हा कारकुनाने लावलेला असतो आणि त्यालाही अर्थ असतो.

रुमालाचं कापड तांबडं. ओलाव्याने त्याचा रंग सुटून वरच्या आणि खालच्या आठ-दहा कागदांवर उतरला आहे. कापडाच्या कडेला ओला टिपकागद दाबून पाहिला, दहा सेकंदांत गुलाबी झाला. म्हणजे हे कापड पुन्हा कागदांभोवती गुंडाळायचं नाही.

आत वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा पाला. वेखंडाने त्रास नाही. पाल्याचे मात्र जिथे जिथे पान दाबलं गेलं तिथे तपकिरी ठसे उठलेत, शिरांसकट.

किडीचं नुकसान तीन प्रकारचं, आणि ते वेगळं ओळखता आलं पाहिजे. वाळवी कडेपासून आत खात येते आणि मागे माती ठेवते. कसर कागदाचा वरचा थर खरवडते, भोक पडेलच असं नाही, पण शाई जाते. तिसरा म्हणजे पुस्तक पोखरणारा बारीक भुंगेरा: त्याची अळी आरपार बोगदा काढते, भोकं टाचणीच्या डोक्याएवढी गोल, आणि पानं एकमेकांना चिकटतात. दुसऱ्या आणि चौथ्या रुमालात भोकांखाली फिकट, मोकळा, ताजा भुगा सापडला. जुना भुगा मळकट आणि गठ्ठा झालेला असतो. ताजा भुगा म्हणजे आत अळी जिवंत आहे असं धरून चालायचं.

१५ नोव्हेंबर: फ्रीझर

डांबराच्या गोळ्या किंवा थायमॉलचा धूर हा जुना मार्ग. गोळ्यांनी कीड दूर राहते, पण आतली अळी आणि अंडी मरत नाहीत, आणि वाचणाऱ्याच्या छातीत ती वाफ जाते. म्हणून थंडी.

आइस्क्रीमच्या दुकानातून निघालेला ३०० लिटरचा आडवा फ्रीझर ११,००० रुपयांना घेतला. रिकामा असताना एक दिवस चालवून उणे २० पर्यंत जातो हे आधी पाहिलं. पुडकी दहा सेंटिमीटरपेक्षा जाड नकोत. प्रत्येक पुडकं धुतलेल्या मांजरपाटात, मग जाड पॉलिथिनच्या पिशवीत, हवा दाबून काढून तोंड चिकटवलेलं, मग दुसरी पिशवी. मांजरपाट कशासाठी: आत थोडं दव जमलंच तर कागदाऐवजी कापडाने प्यावं.

एका पुडक्याच्या मधोमध तापमान नोंदणाऱ्या यंत्राची तार घातली. हे करायलाच हवं. फ्रीझरच्या दारावरचा आकडा उणे २० दाखवत होता तेव्हा पुडक्याच्या गाभ्यात अजून उणे ४ होतं. गाभ्याला उणे १८ गाठायला जवळजवळ दीड दिवस लागला. थंडीत ठेवायचे दोन आठवडे मोजायचे ते तिथून.

२१ नोव्हेंबर

रात्री वीज गेली, सकाळी आली. गाभ्याचं तापमान उणे ८ पर्यंत चढलं होतं. आधीचे दिवस हिशेबात धरले नाहीत, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. फ्रीझरमधल्या मोकळ्या जागेत मिठाच्या पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या. पुढच्या वेळी वीज चार तास गेली तेव्हा गाभा उणे १५ च्या वर आला नाही. कोकणात हे काम करणाऱ्याने बाटल्या पहिल्या दिवसापासूनच ठेवाव्यात.

७ डिसेंबर: बाहेर काढणं, कोरडी सफाई

फ्रीझरमधून काढल्यावर पिशवी उघडायची नाही. पूर्ण एक दिवस तशीच खोलीत. दव पिशवीच्या बाहेर जमतं, ते पुसून मग उघडायची. घाई केली तर सगळं दव थेट कागदावर.

सफाईसाठी शेळीच्या केसांचा रुंद मऊ कुंचला, हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम, त्याच्या नळीच्या तोंडावर मलमल बांधलेली. तोंडाला एन-९५ मास्क. बुरशीची धूळ महिनोन्‌महिने नाकात जाऊ द्यायची नसते. व्हॅक्यूमची नळी कागदाला टेकवत नाही, कुंचल्याने धूळ तिच्याकडे ढकलतो.

काजळ उडवणारा रबरी स्पंज (धुराचा स्पंज म्हणून मिळतो) समासावर उत्तम. मजकुरावर नाही. काजळीची शाई कागदात मुरत नाही, वर बसते. डिंक कमजोर झाला असेल तर स्पंजावर अख्खं अक्षर उचलून येतं. बऱ्याच कागदांवर अक्षरांत रेतीचे चकचकीत कण अडकलेले दिसले. शाई लवकर सुकावी म्हणून टाकलेली रेती ती. ती धूळ समजून झटकायची नाही, घडीत सुटी पडलेली तेवढी एका पाकिटात ठेवून क्रमांक घातला.

बुरशी वाढती की सुप्त हे पाहायला कोरडी कापसाची काडी फिरवतो. ओशट पट्टा पसरला तर वाढती, भुकटी उडाली तर सुप्त. इथे सगळी सुप्त.

वेग: बऱ्या कागदांचे तासाला बारा-पंधरा, पोखरलेल्यांचे चार. मागणी किती वेळाची करायची हे ठरवताना चारचाच आकडा धरावा.

१८ डिसेंबर: शाईच्या चाचण्या

पुढचं सगळं काम या एका दिवसाने ठरवलं, म्हणून सविस्तर.

नमुना म्हणून १८८७ ची एक कबुलायत घेऊ. मिलचा फुलस्कॅप कागद. मजकूर मोडीत, बोरूने, काळ्याभोर शाईत. समासात वेगळ्या हातचा शेरा, तपकिरी, अक्षराभोवती फिकट पिवळी कड, कागदाच्या मागे उमटलेला. खाली जांभळा गोल शिक्का. वरच्या कोपऱ्यात राखाडी पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक.

काळा मजकूर: काजळ आणि डिंक. अक्षराच्या दांडीच्या टोकाला बारीक कुंचल्याने पाण्याचा थेंब, वर टिपकागद. वीस सेकंदांनी टिपकागदावर काळी छटा. पाण्यात बुडवला तर अक्षरं फुगतील आणि हात लागला की सरकतील. स्पिरिटने काहीच होत नाही.

तपकिरी शेरा: हिराकस (लोहाचा क्षार) आणि हिरड्याची शाई. खात्री करायला बाथोफेनॅन्थ्रोलिनची पट्टी (सुटं लोह लागलं की गुलाबी होणारा चाचणीचा कागद). पट्टी शुद्ध पाण्यात बुडवून टिपकागदावर जवळजवळ कोरडी करायची, शाईच्या रेघेवर तीस सेकंद दाबायची, उचलून वाळू द्यायची. गडद गुलाबी आली. म्हणजे शाईत न बांधलेलं लोह आहे, आणि ते पाण्याबरोबर पसरतं. जिथे पसरेल तिथला कागद काही वर्षांनी तपकिरी होऊन तडकेल, आज काहीच दिसणार नाही. काळ्या मजकुरावर तीच पट्टी पांढरी राहिली.

जांभळा शिक्का: अॅनिलीन रंग. पाण्याने थोडा, स्पिरिटने तत्काळ पसरला.

राखाडी क्रमांक: इथे फसायला होतं. साधी शिसपेन्सिल वाटते. स्केलपेलच्या टोकाने एक कण उचलून टिपकागदावर ठेवला, वर पाण्याचा थेंब सोडला, आणि कणाभोवती गडद जांभळं वर्तुळ पसरलं. कॉपिंग पेन्सिल. कोरडी असते तोवर राखाडी, ओली झाली की जांभळी, आणि पुन्हा राखाडी होत नाही. १८८० नंतरच्या प्रत्येक सरकारी कागदावर पेन्सिल दिसली की हा कण तपासायचाच.

आता गणित असं. पाणी चालवलं तर काजळ सरकतं, लोह पसरतं, क्रमांक जांभळा होतो. स्पिरिट चालवलं तर शिक्का जातो. एकाच कागदावर चारही. संपूर्ण कागद कशातही बुडवणं संपलं. आम्लता काढण्यासाठी चुन्याचं पाणी वगैरे जे पुस्तकात सर्रास सांगितलेलं असतं, ते या दफ्तरातल्या बहुतांश कागदांना लागू नाही.

सगळे कागद तीन गटांत: (अ) फक्त काजळ, बहुतेक १८६० आधीचे हातकागद, (आ) मिश्र, (इ) फक्त हिराकसाची शाई, शिक्का नाही, पेन्सिल नाही. अ चांगल्या स्थितीत, आ सर्वांत जास्त, इ मूठभर. समोरासमोर ठेवून पाहिले तर अ गटातले सगळ्यात जुने कागद सगळ्यात पांढरे आणि लवचिक आहेत. हातकागद चिंध्यांचा आणि घोटलेला. मिलच्या कागदाला तुरटी आणि राळेची खळ, ती आतून आम्ल करत राहते.

२० डिसेंबर: साहित्य

शुद्ध इथेनॉलला उत्पादन शुल्काचा परवाना लागतो, त्यात वेळ घालवला नाही. जिथे अल्कोहोल लागेल तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्रयोगशाळा प्रतीचं. औषधाच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट वापरू नये, त्यात इतर पदार्थ मिसळलेले असतात आणि ते सुकल्यावर मागे राहतात.

जपानी कागद: चौरस मीटरला ५ ग्रॅमचा टेंगुजो, एक मीटर रुंद दहा मीटर लांब रोल, आम्हाला साडेसहा हजारांना पडला. १० आणि ३० ग्रॅमचा कोझो सुट्या तावांत. पार्सल सणाच्या गर्दीत अडकलं, तीन आठवडे त्यात गेले. बाथोफेनॅन्थ्रोलिनच्या पट्ट्यांची बाटली परदेशातून, पाच हजारांच्या आसपास. पट्ट्या कात्रीने उभ्या चार भागांत कापल्या तर चौपट पुरतात.

२७ डिसेंबर: घड्या उलगडणं

मोडी कागद लांब आणि अरुंद घड्यांत. कोरडाच उलगडला तर घडीवर तुटतो.

अ गट: झाकणाच्या प्लास्टिकच्या टबात तळाला ओले टिपकागद, वर जाळी, जाळीवर कागद. टबातली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास. चाळीस मिनिटांनी कागद हाताला मऊ लागला की बाहेर काढून होलीटेक्सच्या (न चिकटणाऱ्या पातळ पॉलिएस्टर कापडाच्या) दोन तुकड्यांत, मग टिपकागद, मग काच आणि वजन. त्याहून जास्त वेळ ठेवला तर घोटाईची चमक मरते. एका कागदाच्या कोपऱ्यावर ते दिसलं, तिथे तो निस्तेज झाला, परत घोटून येत नाही.

आ आणि इ गटाला टब नाही. ८० टक्क्यांवर लोह चालायला लागतं. त्यांना खोलीच्याच हवेत, टिपकागदांत, हलकं वजन ठेवून रोज थोडं वाढवत. पंधरवडा लागतो. कंटाळवाणं आहे, पण त्यात धोका नाही.

एक लांब कागद तीन ताव जोडून केलेला होता, सांधे सुटलेले. तीनही तुकडे समोर होते तरी लगेच चिकटवले नाहीत. सांध्यावरून गेलेल्या अक्षरांच्या दांड्या दोन्ही बाजूंना जुळतात का पाहिलं. एका ठिकाणी जुळल्या नाहीत. तुकडा दुसऱ्याच कागदाचा निघाला.

४ जानेवारी २०२५: खळ

बाजारातल्या बाइंडरची खळ मैद्याची, त्यात मोरचूद. मोरचुदाने कीड लागत नाही हे खरं, पण तांबं कागदाचं ऑक्सिडेशन वाढवतं, आणि मैद्यातलं ग्लूटेन पिवळं पडतं. दोन्ही नकोत.

घरचा स्टार्च: अर्धा किलो मैद्याचा घट्ट गोळा, अर्धा तास झाकून, मग मलमलीत बांधून पाण्याच्या भांड्यात मळत राहायचं. पाणी दुधाळ होतं, मलमलीत चिवट ग्लूटेन उरतं. दुधाळ पाणी रात्रभर ठेवलं की तळाला पांढरा स्टार्च, वर पिवळसर पाणी. पिवळं पाणी ओतून नवं घालायचं, वरचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. फ्रीजमध्येच ठेवावं, बाहेर आंबतं.

एक भाग स्टार्च, पाच भाग शुद्ध पाणी, अर्धा तास भिजवून मंद आंचेवर सतत ढवळत चाळीस मिनिटं. आधी गच्च होते, मग पारदर्शक होऊन ढवळायला हलकी होते, तिथे थांबायचं. गार झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा. वापरताना पाणी घालून पातळ करायची, ताकाइतकी. फ्रीजमध्ये पाच दिवस टिकते असं म्हणतात. इथे चौथ्या दिवशी वास आला. तीन दिवसांपुरतीच करतो.

११ जानेवारी: पुन्हा ओलावण्याचा टिश्यू

अ गटाच्या फाटलेल्या कडांना वरची पातळ खळ आणि टेंगुजो, नेहमीसारखं. आ गटासाठी आधीच चिकटपणा लावून सुकवलेला टिश्यू, जो वापरताना अगदी थोड्या ओलाव्याने जागा होतो.

पहिला घाणा: खळ आणि दोन टक्के मिथाइल सेल्युलोज (पाण्यात विरघळणारा सौम्य चिकट पदार्थ) समसमान, पॉलिएस्टरच्या शीटवर टेंगुजो पसरून वरून जाळीतून कुंचल्याने लावलं, पंख्याखाली सुकवलं. दोन त्रुटी. पंख्याने कडा आधी सुकून टिश्यू शीटवरून उचलला आणि सुरकुतला. आणि शीटला लागलेली बाजू काचेसारखी चकचकीत झाली. काळ्या अक्षरावर लावल्यावर कॅमेऱ्यात पांढरा डाग आला.

दुसरा घाणा: पंखा बंद, हवा येईल पण वारा लागणार नाही अशा ठिकाणी, चिकट द्रावण निम्म्याने पातळ, आणि शीटऐवजी बारीक विणीचं पॉलिएस्टर कापड. चमक गेली. तुकडे कापून, कोणती बाजू चिकट हे पेन्सिलीने खूण करून ठेवले, कारण सुकल्यावर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात.

हिराकसाच्या शाईवर याऐवजी तीन टक्के जिलेटिन. थंड पाण्यात अर्धा तास फुगवून ४५ अंशांवर विरघळवायचं, उकळू द्यायचं नाही. लोहाला जिलेटिन बऱ्यापैकी धरून ठेवतं. ते प्राणिजन्य आहे, संस्थेला आधी सांगितलेलं बरं. इथे एका विश्वस्तांनी विचारलं होतं.

१७ जानेवारी: ओल किती

टिश्यू जागा करायला किती ओल पुरेशी आणि किती जास्त, हे नजरेने कळत नाही. पद्धत: काचेच्या थाळीत पातळ स्पंजचं फडकं, त्यात मोजून पाणी, वर दोन गाळणकागद. टिश्यूचा तुकडा चिमट्याने गाळणकागदावर पाच सेकंद ठेवायचा, उचलायचा, फाटेवर बसवायचा, वर होलीटेक्स, टिपकागद, वजन.

पाण्याचं प्रमाण ठरवायला टाकाऊ कागदावर हिराकसाच्या शाईच्या रेघा ओढून, त्या सुकल्यावर त्यावर टिश्यू लावून पाहिला, आणि मग मागून बाथोफेनॅन्थ्रोलिनची पट्टी. रेघेच्या बाहेर गुलाबी आली तर ओल जास्त. फडकं पिळल्यावर बोटाला ओल जाणवते पण थेंब सुटत नाही, तेवढ्यावर पट्टी बाहेर पांढरी राहिली. दर वीस-पंचवीस मिनिटांनी गाळणकागद बदलावा लागतो, दुपारी जास्त लवकर.

२४ जानेवारी ते १० फेब्रुवारी: दुरुस्ती

मुख्य काम, पण सांगण्यासारखं थोडं. फाटेच्या दोन्ही कडा आधी कोरड्या जुळवायच्या, एकीचा मूळचा तिरका काठ दुसरीखाली जातो की वर ते पाहून. टिश्यूची पट्टी पाच ते आठ मिलिमीटर, त्याहून रुंद नको. शक्यतो मागच्या बाजूने. दोन्ही बाजूंना मजकूर असेल तर जिथे अक्षर कमी तिथून.

किडीची भोकं भरायची का? प्रत्येक नाही. भोकांची रांग घडीवरून किंवा कडेवरून जात असेल आणि तिथे कागद दुमडताना तुटणार असेल, तरच. बाकी भोकं भोकंच राहू दिली. दोनशे बारीक ठिगळं लावलेला कागद जाड आणि कडक होतो, आणि त्याच्या कडांवर नवी तूट सुरू होते.

वाळवीने खाल्लेल्या कडांना ३० ग्रॅमचा कोझो, छटा कृत्रिम अॅक्रिलिक रंगाने आधीच दिलेली. चहाने रंगवू नये, तो आम्लधर्मी. छटा मूळ कागदापेक्षा किंचित फिकट, म्हणजे नवं काय ते कुणालाही दिसतं.

१४ फेब्रुवारी: आधीच्या दुरुस्त्या

किडीपेक्षा माणसांनी केलेल्या दुरुस्त्यांनी जास्त वेळ खाल्ला.

सेलोटेप: जुनी, सेलोफेनची. वरची फिल्म सुकून आपोआप निघते, खाली रबराचा तपकिरी डाग कागदात मुरलेला. फिल्म निघत नसेल तिथे तापवलेली पातळ पट्टी (६० ते ७० अंश) खालून सरकवत. वरचा चिकट थर क्रेप रबराने घासून. मुरलेला डाग द्रावकाने निघतो, पण शेजारी शिक्का असेल तर तो आधी निघतो. तिथे डाग सोडून दिला.

शिफॉन: तिसऱ्या रुमालातले काही कागद दोन्ही बाजूंनी रेशमी शिफॉन आणि मैद्याच्या खळीने चढवलेले. भारतातल्या दफ्तरखान्यांची एके काळची नेहमीची पद्धत. रेशीम आता कडक झालंय. काढायचं तर पाणी लागेल, आणि आत काजळ व हिराकस दोन्ही आहेत. काढलं नाही. शिफॉन जिथे सुटलं होतं तेवढ्या कडा मिथाइल सेल्युलोजने बसवल्या.

सेल्युलोज अॅसिटेटचं लॅमिनेशन: मोजके कागद. नाक लावलं तर व्हिनेगरचा आंबूस वास, म्हणजे प्लास्टिक तुटू लागलंय आणि त्यातून निघणारं अॅसेटिक आम्ल शेजारच्या कागदांनाही लागतं. अॅसिटोनने निघतं, पण शिक्का अॅसिटोनमध्येही विरघळतो. एका कागदावर शिक्का नव्हता, तोच मोकळा केला: अॅसिटोनच्या तीन थाळ्या, फ्यूम हूडखाली (वाफ बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात), एका थाळीतून दुसरीत. बाकीचे वेगळ्या पेटीत, इतरांपासून दूर, यादीत कारणासह नोंदवून.

२६ फेब्रुवारी: इ गटाला फायटेट

शिक्का, पेन्सिल, काजळ यांपैकी काहीच नसलेले मूठभर कागद. एवढ्यांनाच फायटेटची, म्हणजे शाईतलं सुटं लोह बांधून टाकणाऱ्या द्रावणाची, पूर्ण प्रक्रिया परवडली.

एक लिटर शुद्ध पाण्याला: ४० टक्के फायटिक आम्ल २.८८ ग्रॅम, त्यात कॅल्शियम कार्बोनेट ०.४४ ग्रॅम, मग पातळ अमोनिया थेंबाथेंबाने, पीएच ५.५ ते ६ येईपर्यंत. अमोनिया घाईने टाकला आणि पीएच ६ च्या वर गेला तर द्रावण गढूळ होऊन खाली बसतं. ते टाकून नव्याने करायचं. आधी कागद आयसोप्रोपिल आणि पाण्याच्या मिश्रणात ओले करून घ्यायचे, नाहीतर तडकलेल्या शाईवर हवेचे बुडबुडे राहतात. फायटेटमध्ये वीस मिनिटं, मग कॅल्शियम बायकार्बोनेटमध्ये वीस मिनिटं. बायकार्बोनेट सोडा-मशीनने: लिटरला एक-सव्वा ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, पाणी फ्रीजमधलं, गॅस सोडून रात्रभर फ्रीजमध्ये. गरम पाण्यात जवळजवळ विरघळत नाही.

नंतर पट्टी लावून पाहिली. दोन कागदांवर फिकट गुलाबी राहिली, त्यांना दुसरी फेरी. शेवटी एक टक्का जिलेटिनचा हात.

९ एप्रिल: स्कॅनिंग आणि ठेवण

स्कॅनिंग दुरुस्तीनंतर, ४०० डीपीआय, काचेचा दाब न देता वरच्या कॅमेऱ्याने. प्रत्येक चित्रात मोजपट्टी आणि रंगपट्टी.

फोल्डरसाठी कापसाचा हातकागद. 'आम्लमुक्त' असा शिक्का असलेला प्रत्येक गठ्ठा पीएच पेनने तपासला: जांभळा उमटला तर ठीक, पिवळा उमटला तर परत. एक गठ्ठा परत गेला. फोल्डरभोवती बिनब्लीचचा, दोनदा उकळून धुतलेला मांजरपाट, जुन्या रुमालाच्याच पद्धतीने बांधून. लोकांना ती गाठ ओळखीची आहे आणि पेटीपेक्षा स्वस्त पडते. मूळ तांबडे रुमाल क्रमांकासह वेगळ्या पाकिटात. आधी वर-खाली लाकडी फळ्या होत्या, त्या काढल्या; लाकूड आम्ल सोडतं. त्याऐवजी जाड पुठ्ठा, तोही पेनने तपासून.

लोखंडी कपाट भिंतीपासून वीत-दीड वीत पुढे. वर आणि खाली भोकं पाडून घेतली. दिवसाला वीस लिटर पाणी ओढणारा डीह्युमिडिफायर, बावीस हजार. त्याची टाकी रात्री भरून यंत्र थांबतं, म्हणून नळी थेट मोरीत सोडली.

२४ जुलै: पावसाळ्यातली पाहणी

खोलीतल्या आर्द्रतेची नोंद ५५ ते ६० टक्के. दुसऱ्या कपाटाच्या खालच्या खणात मात्र ६९. चिकट सापळ्यात कसर नाही, भुंगेरा नाही. पण त्याच खणाजवळच्या सापळ्यात पुस्तकातल्या बारीक उवा. त्या कागद फारसा खात नाहीत, बुरशी खातात, म्हणून त्या दिसल्या की ओलीचा उगम शोधायचा. कपाट ओढलं तर मागच्या भिंतीला हातभर ओल. छपराची पन्हळ पानांनी तुंबून पाणी भिंतीवरून उतरत होतं.

रुमाल वरच्या खणात हलवले. पन्हळ साफ करून तोंडाला जाळी लावून घेतली, भिंत वाळेपर्यंत कपाट खोलीच्या मधोमध. दहा दिवसांनी खालच्या खणातली नोंद ५८.